बिननावाची बॅग: मुलुंड ते मढ, व्हाया घाटकोपर

आमच्या सोसायटीत सध्या प्रवासवर्णनांची साथ आहे. तळमजल्यावरचे काका व्हिएतनामला जाऊन आले. आता लिफ्टमध्ये भेटले की तिथल्या बोगद्यांबद्दल सांगतात. आमची लिफ्ट तिसऱ्या मजल्यापर्यंतच जाते, त्यामुळे माझा अर्धाच बोगदा ऐकून झालाय. समोरच्या वहिनी दुबईहून आल्यापासून कॉफीत केशर घालतात. मी मात्र कुठेच गेले नव्हते. टेलिफोनमधून निवृत्त झाले की फिरायचं असं ठरवलं होतं, पण माझ्या आधी गुडघे निवृत्त झाले.

आता माझ्याकडेही एक प्रवास आहे. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, मढ, बोरिवली. पासपोर्ट लागत नाही, गुडघे लागतात. ज्यांनी हा प्रवास केलेला नाही आणि ज्यांच्या घरात मुलीचं लग्न निघालंय, त्यांनी हे नीट वाचावं.

मुलुंड

सुलू माझी धाकटी बहीण. एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. नवरा लवकर गेला, पोरीला एकटीने वाढवलं. तिची पोर ऋतुजा हिचं लग्न बोरिवलीच्या अनिकेतशी ठरलं. मुलगा झकास. त्याने आणि ऋतुजाने मिळून आधीच जाहीर केलं होतं की मानपान नाही, देणंघेणं नाही, साधं लग्न. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

मग एका शनिवारी सकाळी सुलू माझ्याकडे आली. चेहरा पडलेला. आल्या आल्या पंख्याखाली बसली, डिसेंबरात.

"वसुधाताईंचा फोन आला होता," ती म्हणाली. वसुधाताई म्हणजे तिच्या विहीणबाई, अनिकेतची आई.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, आम्हाला काही नको हो."

मी चहाचा गॅस बंद केला. मराठी लग्नात ह्याच्याइतकं महाग वाक्य दुसरं नाही.

"पुढे?"

"पुढे म्हणाल्या, साड्यांनी कपाटं भरलीत. हल्ली बायका बॅगा देतात. आणि हा फोटो पाठवला."

फोटोत एक बॅग होती. बदामी रंगाची, खाली रुंद, वर निमुळती. पुढे चामड्याची एक जीभ आणि तिच्यावर सोनेरी कुलूप. कुठल्याशा परदेशी कंपनीची होती. सुलूने किंमत शोधून ठेवली होती. मी मुलुंडचं घर घेतलं तेव्हा साधारण तेवढ्यातच आलं होतं, वर मालकाने पेढे दिले होते.

"आणि अशा पाच," सुलू म्हणाली. "सासू, दोन नणंदा, आत्या आणि वसुधाताईंची बहीण कुंदाताई. सासूची जरा मोठी हवी ना. सगळ्यांची सारखी दिली तर सासूचा मान तो काय राहिला?"

"सुलू, पोरांनी नाही म्हटलंय ना? मग तू सरळ नाही म्हण."

"तुला काय जातंय सांगायला? उद्या माझ्या पोरीने त्या घरात ऐकायचं का, बाप नव्हता म्हणून आईने भागवलं? एवढं एक वाक्य तिच्या कानावर पडायला नकोय मला. बाकी मी सगळं ऐकीन." आणि ती रडायला लागली. मग मी काय बोलणार, कपाळ? चपला घातल्या.

तर ठरलं असं. खरी बॅग सात जन्मात परवडणार नाही, तेव्हा तशी दिसणारी शोधायची. पण सुलूची एक अट. "दिसू दे तशीच, पण त्या कंपनीचं नाव नको. नाव असलं की ते खोटं बोलणं झालं. मुलीच्या लग्नात मी खोटं देणार नाही."

दुसरी अट, ऋतुजाला कळता कामा नये. इथे ऋतुजाची नोकरी सांगायला हवी. अंधेरीला चकाल्याजवळ एका ऑनलाइन विक्रीवाल्या कंपनीत ती आहे, आणि तिचं काम नकली माल ओळखणं. लोक फोटो पाठवतात, ही बघते आणि ठरवते, असली की नकली. घरी आली तरी तिचा डोळा बंद होत नाही. माझी काश्मिरी शाल तिने दोन बोटांत चोळली आणि लुधियानाला पाठवून दिली. अशा पोरीच्या डोळ्यांसमोर, भर मांडवात, तिच्या आईला पाच लुकअलाइक बॅगा वाटायच्या होत्या.

सुलूने शाळेतून त्या फोटोची रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट करून आणली. ती सगळंच लॅमिनेट करते. आम्ही मुलुंड पश्चिमेला गेलो. एका दुकानात दप्तरं होती, दुसऱ्यात टिफिनच्या पिशव्या, तिसऱ्यात मालकाने लॅमिनेट केलेला फोटो हातात घेऊन विचारलं, "हरवली का, बेन? पोलीस चौकी पुढच्या नाक्यावर." मुलुंड तिथेच संपलं.

घाटकोपर

पुढच्या शनिवारी घाटकोपर. स्टेशनबाहेरच्या गल्लीत एका अंधाऱ्या जिन्यावरून वर गेलं की बॅगांचं दुकान. भिंती दिसत नव्हत्या, फक्त बॅगा. दुकानदार तरुण, केसांना तेल, बोलणं त्याहून तेलकट.

"फर्स्ट कॉपी पाहिजे, का मास्टर कॉपी?"

"फरक काय?" मी विचारलं.

"फर्स्ट कॉपी खऱ्यासारखी दिसते. मास्टर कॉपी ओरिजिनलवाल्यालाच डाउट येईल, आपली कोणती."

म्हणजे खोट्यातही पायऱ्या असतात. मला टेलिफोनमधले दिवस आठवले. तिथे बढतीसाठी अशाच पायऱ्या होत्या. त्याने आमच्या फोटोतली बॅग क्षणात काढून दिली. कुलूप, जीभ, सगळं जागच्या जागी. सुलूचे डोळे चमकले. मग तिने बॅग उलटी केली. कंपनीचं नाव बाहेर होतं, आत होतं, कुलपावर होतं आणि सोबतच्या कापडी पिशवीवर चारदा होतं.

"नाव नसलेली नाही का?"

तो पोरगा थांबला. "आंटी, नाम निकालेंगे तो बचेगा क्या?"

त्यालाही वाईट वाटलं असावं, कारण पुढे म्हणाला, "तुमचं नाव टाकू का? मशीन आहे. पाच मिनटात होईल."

सुलूने खरोखर विचार केला. सोनेरी अक्षरांत 'सुलभा' तिच्या डोळ्यांसमोर आलं असणार. विहीणबाईंच्या खांद्यावर स्वतःचं नाव, ही कल्पना मलाही वाईट वाटली नाही. पण मी तिला जिना उतरवला.

खाली खाऊगल्ली आहे. घाटकोपरला डोशात काय घालत नाहीत, हे विचारण्यात अर्थ नाही. चीज घालतात, नूडल्स घालतात, आईस्क्रीम घालतात. आम्ही साधा मागितला तर तव्यावरच्या माणसाने मुलुंडची माणसं ओळखली. "साधा? बीमार हो क्या?" शेवटी चीजवाला घेतला. वाईट नव्हता, पण डोसा कुठे होता ते शोधावं लागलं. मी खाता खाता त्या पोराचं वाक्य घोळवत होते. नाव काढलं तर उरतं काय? सुलू म्हणाली, "कुलूप उरतं." ती कधीकधी मला हरवते.

अंधेरी

घाटकोपरहून मेट्रो. मेट्रोत एसी आहे आणि खिडक्या मोठ्या आहेत, लोकांच्या गच्च्यांवरचे कपडे वाचता येतात. चकाला स्टेशन आलं तशी सुलूने ओढणी डोक्यावरून घेतली आणि गॉगल लावला. शनिवारी ऋतुजाच्या ऑफिसला सुट्टी असते, हे मी तिला सांगितलं. तिने गॉगल काढला नाही.

अंधेरी पश्चिमेच्या बाजारात आम्ही कुठल्याशा टपरीसमोर उभ्या असताना ऋतुजाचाच फोन आला.

"आई, कुठेयस?"

"देवळात," सुलू म्हणाली.

मागे एक माणूस घसा फाडून ओरडत होता, "मास्टर कॉपी! आज का माल, मास्टर कॉपी!"

"आई, हे कोण ओरडतंय?"

"प्रसाद वाटतायत गं," सुलू म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिचा चेहरा पाहिला तर गॉगलच्या खाली घाम. आयुष्यात पोरीशी खोटं बोललेली नाही ही बाई. बॅगेवर खोटं नाव नको म्हणत होती आणि स्वतः भर बाजारात देऊळ बांधून बसली. मी म्हटलं, सुलू, वाट लागली आपली.

त्या गल्लीच्या टोकाला कपडेपट भाड्याने देणारं एक दुकान होतं. राजाचे मुकुट, नर्सचे गणवेश, डाकूच्या मिशा. तिथे आम्ही फक्त बसायला गेलो, कारण माझे गुडघे संपावर होते. दुकानातले काका मराठी निघाले. सुलूच्या हातातला फोटो पाहिला आणि म्हणाले, "अहो ही तर सासूची बॅग."

"तुम्हाला कसं कळलं?" सुलू दचकली.

"म्हणजे सीरियलमधल्या. ती खडूस सासू नाही का, रोज सुनेला घरातून काढते? तिच्याकडे आहे."

सुलू ती मालिका रोज बघते. आता तिलाही आठवलं.

"पण त्या बॅगेवर नाव नसतं," काका म्हणाले. "कंपनीचं नाव पडद्यावर दिसलं की चॅनेलवाले ओरडतात. म्हणून शूटिंगवाले बिननावाची बनवून घेतात. हुबेहूब, फक्त नाव नाही. मढला जा, बंगल्यावर शूटिंग चालू आहे. कपड्यांचं बघणारी विशाखा आहे, माझं सांगा."

सुलूने त्यांना वाकून नमस्कार केला. काकांनी एका मुकुटावरची धूळ झटकली, त्यांना असे नमस्कार रोज मिळत असावेत.

मढ

वर्सोव्याच्या धक्क्यावरून होडी मिळते. खाडी एवढीशी आहे, पण पाणी म्हणजे पाणी, म्हणून मी कठडा धरून बसले. शेजारी एक कोळीण बाई टोपली घेऊन बसली. सुके बोंबील. सुलूने नाकाला ओढणी लावली, पण हळूच, अपमान होऊ नये म्हणून.

"कुठं चालल्याव गो?" बाईंनी विचारलं.

"शूटिंगला," मी म्हटलं.

त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आईचा रोल का?"

"नाही, बॅगेचं काम आहे."

"असंल," त्या म्हणाल्या, आणि उतरताना बोंबलांचा एक वाटा माझ्या हातात कोंबला. पैसे घेईनात. मी चाळीस वर्षं मुलुंडात राहते. इतक्या कमी ओळखीवर तिथे कुणी मला कोथिंबीरसुद्धा दिलेली नाही.

मढला एका बाजूला बांबूंवर मासळी वाळते आणि दुसऱ्या बाजूला चकचकीत बंगले. मधे क्रूस, नारळाची झाडं आणि जनरेटरच्या गाड्या. शूटिंगच्या बंगल्याचा जिना पाहताच सुलू थबकली. "हा जिना मी तीन मालिकांत पाहिलाय. तिन्ही घरं वेगळी होती," ती म्हणाली.

विशाखा इस्त्रीच्या टेबलाशी होती. तिशीची, हिंगोलीकडची, तोंडात टाचण्या धरून बोलणारी. आमची गोष्ट ऐकून तिने टाचण्या काढल्या.

"पाच बॅगा? मानपानाला? आवो, आमच्यात असलं काही नसतं बघा. माझ्या लग्नात पांढरी साडी, त्रिशरण पंचशील, आणि जेवण. बारा वाजता लग्न, दोनला मी बाबासाहेबांच्या फोटोसोबत मोकळी."

"किती छान," मी म्हटलं आणि सुलूकडे बघितलं.

"आता आमच्यात पण घुसायला लागलंय म्हणा," विशाखाने कबूल केलं. "माझ्या जावेला फ्रिज लागला. तर ती बॅग का? ती तिकडं सेटवर हाय, थांबा, आणते."

पण सुलू थांबली नाही. दिवाणखान्यात, टेबलावर, दिव्यांच्या झोतात तिला ती बॅग दिसली. आठवडे वणवण करून शोधलेली वस्तू दिसली की माणसाचं भान जातं. ती लॅमिनेट केलेला फोटो घेऊन सरळ चालत गेली आणि बॅगेशेजारी धरून कुलूप जुळवायला लागली. त्याच वेळी तिथे सुनेला घरातून काढलं जात होतं. सून रडत होती, सासूचा हात दाराकडे होता आणि मधोमध आमची सुलू, मुलुंडहून.

"कट! अरे ये आंटी कौन है?" कोणीतरी ओरडलं.

सुलू दचकून मागे वळली. "मी मुलीकडची," ती म्हणाली.

सगळा सेट हसला. ती खडूस सासूही हसली. जवळून पाहिलं तर ती सुनेपेक्षा लहान होती. तिने सुलूला बॅग हातात दिली. आत वर्तमानपत्र भरलं होतं, बाहेर, आत, कुलपावर कुठेच नाव नव्हतं. सुलूने त्या बॅगेला गालच लावायचा बाकी ठेवला. विशाखाने बनवणाऱ्याचा पत्ता दिला. तो बोरिवलीचा होता. विहीणबाईंच्या गावचा.

बोरिवली

बोरिवलीला आम्ही पुढच्या शनिवारी, मुलुंडहून गोरेगाव-मुलुंड लिंक रोडने बसने गेलो. पूर्वेला औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात चार शिलाई मशिनं आणि एक मास्टर. त्याने चहा पाजला, बॅगा दाखवल्या. चार सारख्या आणि एक जरा मोठी, सगळ्या बदामी. सुलू हरखली.

मास्टरने एकच सांगितलं. "बाई, ही शूटिंगची आहे. आत पेपर भरतात. दिसायला ए-वन, पण वजन टाकू नका. पट्टा सोसणार नाही."

"बायका बॅगेत काय ठेवतात?" सुलू म्हणाली. "रुमाल आणि चष्मा." मलाही ते पटलं. ही आमची चूक.

पाची बॅगा एका काळ्या मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून, ती खांद्यावर टाकून, आम्ही स्टेशनकडे निघालो. आणि भाजी मार्केटच्या तोंडाशी समोरून वसुधाताई.

"अगंबाई, सुलभाताई! तुम्ही इकडे? आणि हे काय?"

"उशा," मी म्हटलं. का म्हटलं ते विचारू नका. "मुलीला गादीसोबत द्यायच्या."

"एवढ्या लांबून उशा?"

"बोरिवलीच्या मऊ असतात," सुलू म्हणाली.

वसुधाताईंनी आम्हाला सोडलं नाही. घरी नेलं, अळूवडी तळली, गरम गरम पानात वाढली. मला ह्या बाईंवर चिडायचं होतं, पण ती अळूवडी खाऊन चिडणं जमत नाही. कुरकुरीत, चिंचगुळाची, घशाला एकदाही खाज नाही. आमच्या उशा सोफ्यावर बसल्या होत्या. चहा देता देता वसुधाताईंनी त्या पिशवीला सहज थोपटलं, जागा करायला. आतून कुलूप कुलपावर आपटल्याचा खणकन आवाज आला. वसुधाताईंनी काही विचारलं नाही. साखर किती, एवढंच विचारलं.

मग भाजीची पिशवी रिकामी करताना त्या आपणहून बोलल्या. पिशवी जुन्या बासमतीची होती, चेन लावलेली, आमच्या सगळ्यांकडे असते ती.

"त्या दिवशी बॅगेचं बोलून बसले, मलाच कसंतरी वाटलं हो. आमची कुंदा आहे ना, माझी बहीण. तिला सुनेकडच्यांनी बॅगा दिल्या. तेव्हापासून दर फोनला विचारते, तुझ्याकडे काय देणार, तुझ्याकडे काय देणार. लहानपणापासून ती अशीच. तिच्यासमोर मला कधी खाली बघावं लागलं की माझं जेवण जात नाही. नाहीतर मला कशाला हवी बॅग? मी हीच नेते."

रस्त्यावर आल्यावर मी सुलूवर उखडले. "बघ! तिला नकोच आहे. आत्ता परत जा आणि सांग, आम्ही काही देत नाही!"

"तिला नकोय," सुलू शांतपणे म्हणाली. "कुंदाताईंसमोर हवीय. म्हणजे लागणारच." मग जरा थांबून म्हणाली, "मला तरी कुठे द्यायचीय? मलाही पोरीसाठीच लागतेय." मला तिचा राग आला होता आणि तिची दयाही आली होती, आणि पिशवी माझ्याच खांद्यावर होती.

परत मुलुंड

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी सुलूने बॅगा देवासमोर मांडल्या. आपल्याकडे पर्स रिकामी देत नाहीत. तिने प्रत्येक बॅगेच्या आतल्या कप्प्यात एक हळकुंड, एक सुपारी आणि एक रुपया ठेवला आणि चेन लावली. मोठ्या बॅगेत हळकुंड निवडून घातलं, सगळ्यांत पिवळं. "मुलीच्या सासूची आहे," ती म्हणाली.

लग्न मुलुंडच्याच हॉलमध्ये. अक्षता पडल्या, पहिली पंगत उठली आणि मग सुलूने बायकांना बसवून बॅगा दिल्या. ऋतुजा शालू नेसून, मुंडावळ्या बांधून समोरच उभी होती. तिने पहिली बॅग पाहिली. दुसरी पाहिली. मग आईकडे पाहिलं.

"हा तो प्रसाद?" ती हळू म्हणाली.

सुलूला काही उत्तर द्यायला वेळच नव्हता, कारण कुंदाताईंनी चष्मा लावला होता. त्यांनी स्वतःची बॅग उलटसुलट केली, मग बहिणीची मोठी बॅग ओढून घेतली.

"नाव कुठंय हिच्यावर?" त्या म्हणाल्या. मोठ्याने. "माझ्या सुनेकडच्यांनी दिली तिच्यावर चांगलं ठसठशीत नाव आहे. वसुधा, ओरिजिनल ना गं ही?"

वसुधाताईंचा चेहरा उतरला. सुलूचा तर पांढराच पडला. आजूबाजूच्या बायकांनी लाडू खायचे थांबवले. आणि कुंदाताईंना सुचू नये ते सुचलं.

"अगं, सुनेलाच विचार की. तिची नोकरीच ती आहे ना? बघ गं ऋतुजा. खरं खरं सांग हं."

ऋतुजाने बॅग घेतली. मी तिला ऑफिसात काम करताना कधी पाहिलेलं नाही, तेव्हा पाहिलं. तिने कुलूप अंगठ्याने दाबलं. शिवण नखाने मोजत गेली. चामड्याचा वास घेतला. पट्ट्याचा जोड हलवून पाहिला आणि तिथे तिची भुवई वर गेली. मला वाटलं, संपलं. मग तिने आतल्या कप्प्याची चेन उघडली, आत बोटं घातली आणि थांबली.

तिच्या हातात ते हळकुंड होतं, सुपारी आणि रुपया. ती बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहिली. मुंडावळ्या हलत होत्या तेवढ्याच.

"मावशी," ती कुंदाताईंना म्हणाली, आवाज अगदी ऑफिसचा. "नकली वस्तू म्हणजे जिच्यावर दुसऱ्याचं नाव असतं. हिच्यावर कुणाचंच नाव नाही. मग ही नकली होईलच कशी? ओरिजिनल आहे. तुमच्या सुनेकडच्यांनी दिलेली एकदा घेऊन या, तीपण बघून देते."

कुंदाताई म्हणाल्या, तिची कशाला बघायची, ती चांगली आहे. आणि लाडूकडे वळल्या. ऋतुजाने हळकुंड होतं तिथे परत ठेवलं, चेन लावली आणि बॅग दोन्ही हातांनी सासूला दिली. वसुधाताईंनी ती पैठणीवरून खांद्याला लावली. छान दिसत होती, खोटं कशाला बोलू.

पाठवणीच्या वेळी ऋतुजा आईच्या गळ्यात पडली. दोघी रडत होत्या. मी शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"आई, पट्ट्याची शिवण कच्ची आहे गं. त्यांना सांग, जड काही ठेवू नका."

सुलूने डोळे पुसले आणि वळून पाहिलं. उशीर झाला होता. आम्ही नुकतीच विहिणीची ओटी भरली होती, आणि कुंदाताई बहिणीला म्हणत होत्या, "अगं हातात काय धरून बसलीस? त्यातच ठेव की. बॅग कशाला आहे मग?" वसुधाताईंनी ओटीचे तांदूळ, खण आणि तो भला मोठा नारळ बॅगेत घातला आणि दोघी बहिणी हॉलच्या पायऱ्या उतरायला लागल्या.

मधल्या पायरीवर टक् असा आवाज झाला. मी ऐकला, सुलूने ऐकला. पट्ट्याचं एक टोक सुटून मागे लोंबलं. सुलूने माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी काळानिळा होता.

वसुधाताई थांबल्या नाहीत. खाली बघितलंसुद्धा नाही. त्यांनी डावा हात पदराआडून बॅगेच्या खाली घातला, लेकराला कडेवर घेतात तसा, आणि कुंदाताईंशी जिलबीबद्दल बोलत बोलत, नारळासकट, गाडीपर्यंत गेल्या. बसल्या. बॅग मांडीवर घेतली, सुटलेला पट्टा पदराखाली सारला. मग काच खाली करून आमच्याकडे पाहिलं.

"सुलभाताई," त्या म्हणाल्या, "उशा छान आहेत हो."

"कसल्या उशा गं?" आतून कुंदाताईंचा आवाज आला.

"आहे आमचं दोघींचं काहीतरी," वसुधाताई म्हणाल्या आणि काच वर केली.